नव्या घराची झीज

१

सुताराने कारखान्यात बनलेलं घर विकत घेणं म्हणजे आचाऱ्याने बाहेरून डबा मागवण्यासारखं. मिस्त्रीला हे पुरतं ठाऊक होतं, आणि लोक त्याला ते विसरूही देत नव्हते. कोपऱ्यावरचा रंगारी रोज विचारायचा, "काय मिस्त्री, घराबरोबर हातोडा फुकट मिळाला का?" पण मुलीचा खोकला थांबला आणि मिस्त्रीची लाज कुठल्या कुठे पळाली.

मुलगी नऊ वर्षांची. पेन्सिल, चमचा, फ्रॉकचं बटण, हाताला लागेल ते कुरतडायची म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. ती जन्मल्यापासून हे तिघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. खोल्या अर्ध्या जमिनीत गेलेल्या, भिंतीला बारा महिने ओल. गेली दोन वर्षं पोरीचा खोकला असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. शेवटी डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, "औषध मी देत राहीन, पण तुमच्या भिंती औषधाला पुरून उरतायत. कोरडं घर बघा. पुढचा हिवाळा तिथे काढू नका."

वीट-सिमेंटचं घर बांधायला दोन वर्षं लागली असती. कारखान्यातलं घर दोन महिन्यांत मिळणार होतं. जाहिरातीतली किंमत बघून मिस्त्रीच्या बायकोने बेरीज केली आणि जमतंय म्हणाली. मग कळलं की ती किंमत नुसत्या खोक्यांची. जोतं आपलं, ट्रेलर आपला, क्रेन आपली, पाण्याची जोडणी आपली, विजेची आपली. बायको शाळेची बस चालवायची आणि तिची जीभ बसपेक्षा वेगात धावायची. तिने कंपनीच्या बाईला विचारलं, "आणि आत राहायला माणसं? तीही आपलीच आणायची का?"

बाई हसली नाही. तिने कागद चाळले आणि म्हणाली, "याच नकाशाचं एक घर आमच्या आवारात तयार उभं आहे. आवार मोकळं करायचंय, कमीत देऊ. तीस दिवस राहून बघा. पसंत पडलं तर पसंतीच्या कागदावर सही करा. नाही पडलं तर आम्ही घर परत नेऊ, ने-आण मात्र तुमच्या खिशातून."

तरीही दुकान विकावं लागलं. मोठी करवत गेली, खराद गेला, पाटीसुद्धा गेली. हत्यारांची पेटी तेवढी मिस्त्रीने ठेवली, लोकांकडे रोजाने काम करायला.

घर दोन तुकड्यांत आलं. सकाळी जोत्यावर काही नव्हतं आणि संध्याकाळी दिवा लागला. मिस्त्रीने पाणसळ लावून बघितली, कोपऱ्यात गुण्या धरून बघितला. केसाचाही फरक नाही. इतकं नेमकं काम आपल्या हातून झालं नसतं हे त्याने मनात कबूल केलं, तोंडाने नाही. मोठी खोली दोघा नवराबायकोची, आणि उन्हाची, सगळ्यांत कोरडी अशी धाकटी खोली खारूताईची. नकाशावर ती त्याने आधीच पेन्सिलीने तिच्या नावाने करून ठेवली होती.

आठ-दहा दिवसांत खोकला गेला. तेव्हापासून रोज सकाळी मिस्त्री चहा घेऊन ओट्याशी उभा राहायचा आणि कान देऊन ऐकायचा. आतून पोरीचा श्वास यायचा, साधा, सरळ. मग तो भिंतीवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "उपकार आहेत बाबा तुझे." नंतर इकडेतिकडे बघायचा, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

२

सोळाव्या दिवशी ओट्याखालच्या पहिल्या ड्रॉवरला बोट लागलं आणि मिस्त्री थबकला.

ड्रॉवरच्या खालच्या कडेला, डाव्या टोकाशी, खोलगट बुळबुळीत जागा होती. रंध्याने काढलेली नव्हे, घासकागदाचीही नव्हे. हत्याराने लाकूड कमी होतं तेव्हा त्याला कुठेतरी कड राहते. माणसाच्या हाताने कमी होतं तेव्हा कड राहत नाही, लाकूड सावकाश मऊ होत जातं. आणि इतकं मऊ व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात.

मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. जुनं घर नवं म्हणून गळ्यात मारलं! त्याने तिथूनच कंपनीच्या बाईला फोन लावला.

"मॅडम, या घरात आधी कोण राहत होतं?"

"कोणीही नाही, मिस्त्री. एक्केचाळीस दिवसांत बनलं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून आवारात ठेवलं. आत कोणी पायताण घालूनसुद्धा गेलेलं नाही. रोजचे फोटो आहेत माझ्याकडे, पाठवते."

फोटो आले. तेच घर, तोच ओटा, तारखा सहा महिन्यांच्या आतल्या. शेवटच्या फोटोत ड्रॉवरची कड करकरीत दिसत होती. मिस्त्रीने स्वतःची समजूत घातली. लाकडात कधीकधी उपजत मऊ पट्टा असतो. असतोच.

संध्याकाळी बायको बस लावून आली, हात धुतले आणि चमचा काढायला ड्रॉवर ओढला. ती डावखुरी. तिचा डावा अंगठा त्या खोलगट जागेत असा जाऊन बसला, जसा काही पंचवीस वर्षं तिथेच बसत आला होता.

"काय बघताय एवढं?" ती म्हणाली.

"तुला. नव्या घरात नवीन दिसतेस."

"सोळा दिवसांनी सुचलं? बरं झालं, पुढच्या वर्षी नाही सुचलं ते." मग ड्रॉवर लावता लावता ती सहज म्हणाली, "हे घर काही म्हणा, हाताला सवयीचं वाटतं हो."

३

दुसऱ्या दिवशी बायको बसवर आणि खारूताई शाळेत गेल्यावर मिस्त्रीने टॉर्च घेतला आणि घर वाचायला बसला. दुसऱ्या कोणाला नवीकोरी खोली दिसली असती. त्याला लाकडाचं बोलणं कळायचं, त्याला काय करणार.

दारापुढच्या तीन पायऱ्या घराबरोबरच आलेल्या. तिसरी पायरी फक्त उजव्या बाजूला घासलेली. मिस्त्री शिडीवरून पडला त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून तो उजवा पाय ओढतो.

स्वयंपाकघराच्या चौकटीला खांद्याच्या उंचीवर तुकतुकीत चकाकी. त्याने तिथे उभं राहून बघितलं. त्याचा खांदा बरोबर टेकला. बायकोशी गप्पा मारताना तो असाच टेकून उभा राहतो, पूर्वीच्या खोल्यांतही राहायचा.

मोठ्या खोलीत पलंगाच्या दोन्ही बाजूंना फळ्या पावलांनी मळलेल्या. एका बाजूला हलक्या पावलांनी, दुसऱ्या बाजूला एक पाय सरळ आणि एक ओढलेला.

अंगावर काटा यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण खरं सांगायचं तर मिस्त्री खाली बसला आणि हसला. ही झीज कालची नव्हती. ही पुढची होती. कशी ते त्याला कळेना, पण पंचवीस वर्षांची झीज म्हणजे पंचवीस वर्षांचं राहणं. म्हणजे आपण इथे म्हातारे होणार, ओट्याशी उभं राहून असेच भांडणार. आयुष्यभर घरमालकाच्या नोटिशीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला आणखी काय हवं? त्याने चौकटीला पुन्हा खांदा टेकला आणि डोळे मिटून उभा राहिला.

मग त्याला आठवलं की धाकटी खोली बघायची राहिली.

४

धाकट्या खोलीत काहीच नव्हतं.

दाराची मूठ कारखान्यातून निघाली तशी. खिडकीची कडी तशीच. दारापासून पलंगापर्यंत एकही फळी मळलेली नाही. मिस्त्री खिडकीच्या पाटापाशी गुडघ्यावर बसला आणि टॉर्चचा उजेड आडवा टाकून बघितलं. शाळेच्या बाकापासून बापाच्या रंध्यापर्यंत सगळं कुरतडणारी पोरगी, आणि तिच्या पलंगाला लागून असलेल्या लाकडी पाटावर एक दात उमटलेला नाही.

त्याने मनाशी वाद घातला. शिकायला बाहेरगावी जाईल. लग्न होईल, स्वतःचं घर करेल. पोरी काय जन्मभर बापाच्या घरी राहतात? पण लाकूड त्याचं ऐकेना. बाहेरगावी गेली तरी आधीची आठ-दहा वर्षं कुठे गेली? आठ वर्षांत मूठ एवढी कोरी राहत नाही. एका वर्षातही नाही.

उठताना त्याने पलंगाच्या कडेला हात टेकला, आणि जमिनीवर ते दिसले. तीन खड्डे. बोटाच्या पेराएवढे रुंद, बरेच खोल. कोणीतरी वजनाचं माणूस त्याच जागी रात्रीमागून रात्री बसलं असावं.

मिस्त्रीच्या घरात तीन पायांचं एक स्टूल होतं. खारूताई जन्मली त्या दिवशी तो ते करत होता. दवाखान्यातून निरोप आला आणि गडबडीत एका पायाचं भोक बोटभर बाहेर पडलं. लाकूड वाया जाऊ नये म्हणून त्याने तसंच बसवलं. जगात तसा वाकडा त्रिकोण दुसरा नव्हता. जुन्या खोल्यांत पोरीला खोकला यायचा तेव्हा तो याच स्टुलावर तिच्या उशाशी बसायचा. स्टूल कलायचं आणि दोनदा कुरकुरायचं, एकदा बारीक, एकदा जाड.

त्याने स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. तीनही पाय तीन खड्ड्यांत बसले.

त्याने ते झटक्यात उचललं, परत ओट्यापाशी नेलं आणि त्यावरच बसला. बाहेर लख्ख ऊन होतं. कुणाच्या तरी घरी कपडे धुण्याचं यंत्र फिरत होतं. तो अगदी स्तब्ध बसला होता, त्याच्याखालचं स्टूलही. आणि धाकट्या खोलीतून आवाज आला. कुरकुर. एकदा बारीक, एकदा जाड.

५

चार दिवस मिस्त्री कामावर गेला नाही. बायकोला पाय दुखतोय म्हणून सांगितलं. तिने त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवून तेल चोळून दिलं.

घर परत करायचं? कागदावर सही झालेली नव्हती. ट्रेलर आणि क्रेनचे पैसे बुडाले असते, बुडू देत. पण जायचं कुठे? त्या ओल्या खोल्यांत? डॉक्टरने पुढच्या हिवाळ्याबद्दल काय सांगितलं होतं ते त्याला पाठ होतं. शनिवारी त्याच डॉक्टरने पोरीच्या पाठीला नळी लावली, दोनदा लावली, आणि म्हणाला, "छाती एकदम स्वच्छ! काय केलंत काय?" घरी येताना खारूताई त्यांच्यापुढे धावत होती. दोन वर्षांत ती धावलेली त्याने पाहिली नव्हती.

ज्या घराने तिला श्वास दिला त्याच्यावर चिडायचं तरी कसं? आणि त्याने काही लपवलंही नव्हतं. सगळं मांडून ठेवलं होतं, वाचता येणाऱ्यासाठी.

पाचव्या दिवशी सकाळी मिस्त्री पायरीवर पटाशीला धार लावत बसला होता. हात चालू असले की त्याचं डोकं चालायचं. आणि त्याच्या मनात एक गोष्ट आली, जी सुताराच्याच मनात यावी. घराने एक खाच पाडून ठेवली आहे. पाडलेली खाच बुजत नाही, तिच्यात काहीतरी बसवावंच लागतं. पण कोणतं लाकूड बसवायचं हे खाच ठरवत नाही. ते सुतार ठरवतो.

नकाशावर पेन्सिलीने त्या खोलीचा मालक कोणी ठरवला होता? त्यानेच.

त्याने पटाशी पुसून पेटीत ठेवली. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

६

"मी धाकट्या खोलीत झोपणार," त्याने जेवताना जाहीर केलं. "तुम्ही दोघी मोठ्या खोलीत."

बायकोने घास हातातच धरला. "का? मी लाथा मारते?"

"मी घोरतो. तुला पहाटे बस काढायची असते. मागे चाळीस पोरं बसलेली असतात, झोप नको का पुरी व्हायला?"

"अकरा वर्षं घोरताय. आज दया आली?"

"आज खोली आहे."

तिने घास तोंडात घातला. खारूताई तर मधल्या मध्ये उड्या मारायला लागली. मोठी खोली, आईची कूस आणि मोठी खिडकी! "बाबा, परत मागायची नाही हं!" तिने त्याच्याकडून वचन घेतलं. त्याने हातावर हात मारून दिलं.

दुपारीच त्याने सामान हलवलं. तिची पुस्तकं, तिचे कपडे, कुरतडलेल्या पेन्सिलींचा डबा, एक वस्तू मागे ठेवली नाही. नकाशावरची जुनी खूण खोडली आणि तिथे स्वतःची केली. स्टूल त्याने धाकट्या खोलीत, त्या तीन खड्ड्यांत नेऊन ठेवलं.

झोपताना पोरीने दारात उभं राहून विचारलं, "बाबा, तुम्हाला एकट्याला भीती नाही वाटणार?"

"वाटली तर तुला हाक मारीन."

"मारा हं. मी येईन," ती म्हणाली, आणि खरोखरच्या काळजीने त्याचं पांघरूण सारखं करून गेली. मिस्त्री बराच वेळ छताकडे बघत पडला. त्याला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण पलीकडच्या खोलीतून दोघींचं हसू येत होतं आणि त्या हसण्यात कुठेही खोकला नव्हता.

७

तिसाव्या दिवशी दुपारी कंपनीची बाई सहीला येणार होती. त्या सकाळी घरात कोणी नसताना मिस्त्रीने पुन्हा टॉर्च घेतला. आठ दिवस त्याने मुद्दाम काहीच बघितलं नव्हतं.

ड्रॉवरची खोलगट जागा होती तिथेच होती. बायकोचा अंगठा शाबूत. त्याने सुटकेचा श्वास टाकला.

तिसरी पायरी आता दोन्ही बाजूंना सारखी घासलेली होती. पाय ओढल्याची खूण नंतरच्या पावलांखाली पुसट झाली होती.

चौकटीवर त्याच्या खांद्याची चकाकीही मंदावली होती. मात्र तिथून दोन बोटं खाली दुसरी चकाकी होती. त्याने मनातल्या मनात बायकोला तिथे उभी केली. तिचा खांदा बराच खाली आला. हे कोणीतरी तिच्याहून चांगलं वीतभर उंच माणूस होतं.

तो मोठ्या खोलीत जवळजवळ धावतच गेला, पाय ओढत. खिडकीच्या पाटावर टॉर्चचा उजेड आडवा टाकला. पाटाची कड कुरतडलेली होती. आधी बारीक दात, दुधाच्या दातांच्या फटींसकट. त्यांच्या शेजारी मोठे दात, त्यांच्याही शेजारी आणखी मोठे. मिस्त्रीने त्या कडेवर कपाळ टेकलं आणि लहान पोरासारखा रडला.

मग तोंड धुऊन तो बाहेर गेला. धाकट्या खोलीच्या खिडकीला बाहेरून असलेल्या झडपेची बिजागरी सैल झाली होती, बाई यायच्या आत ती आवळायची होती. तो स्क्रू फिरवत होता आणि आतून आवाज आला. कुरकुर. एकदा बारीक, एकदा जाड.

बघू नये असं त्याने ठरवलं, आणि बघितलं.

काचेतून स्टूल दिसत होतं. स्टुलावर एक बाई पाठमोरी बसली होती. विशीतली असेल. उंच, पाठ ताठ, रुंद निरोगी खांदे श्वासाबरोबर सावकाश वरखाली होत होते. ती पलंगाकडे वाकून कोणाचं तरी पांघरूण सारखं करत होती. दुसऱ्या हातात पेन्सिल होती. मग तिने मान जराशी वळवली आणि पेन्सिलीचं टोक दातांत धरलं.

उशीकडचा भाग झडपेआड होता. एक पाऊल डावीकडे सरकलं असतं तर तोही दिसला असता. मिस्त्री सरकला नाही. हात कुठे थांबवायचा हे त्याला कामातून कळत आलेलं होतं. तो फक्त तिच्या खांद्यांकडे बघत राहिला आणि मनात मोजत राहिला. विशीतली म्हणजे अकरा वर्षं. बारा, तेरासुद्धा. तो एका हिवाळ्याची तयारी करून या खोलीत आला होता.

ऊन काचेवर चमकलं आणि खोलीत नुसतं स्टूल उरलं.

बाई आली तेव्हा बायकोही फेरी संपवून आली होती. बाईने कागद पुढे केला. "काही तक्रार, मिस्त्री? त्या दिवशी विचारत होतात, आधी कोण राहत होतं म्हणून."

"तक्रार नाही, मॅडम. उपकार आहेत."

त्याने सही केली. या वेळी बाई हसली, मात्र त्याच्याकडे बघून नाही. तिची नजर आतल्या धाकट्या खोलीच्या दाराकडे गेली आणि तिथे बसलेलं कोणी तिलाही दिसावं तशी तिने मान किंचित लववली. मग कागद घेऊन ती निघून गेली.

बायको ओट्यापाशी उभी होती. तिचा डावा हात ड्रॉवरवर होता, अंगठा आपल्या जागी. "अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगा. फार महाग पडलं का आपल्याला हे?"

बाहेर शाळेची दुसरी बस थांबली आणि खारूताई फाटकापासून पळत आली. तिसऱ्या पायरीवर दोन्ही पायांनी एकदम उडी मारली, दप्तर फेकलं, आणि धापा टाकत दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. नुसत्या पळण्याच्या धापा.

मिस्त्रीने तिच्या तोंडातली पेन्सिल काढून घेतली, बघितली, आणि परत तिच्या हातात दिली.

"नाही गं," तो म्हणाला. "वाजवी पडलं."